इंधन दरवाढ आणि घरखर्चाचे गणित

१९७३ सालच्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे खनिज तेल १९७४ च्या जानेवारीत बारा डॉलरच्या घरात गेले. महाराष्ट्राच्या खेड्यांत त्या काळी मोटारसायकल क्वचित दिसे. गॅसची शेगडी तर प्रामुख्याने शहरातील घरांपुरतीच होती. तरीही त्या भाववाढीची झळ रॉकेलच्या कंदिलापर्यंत पोहोचली. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले, १९७६ मध्ये तेथून उत्पादनही सुरू झाले. परंतु देशाची गरज उत्पादनापेक्षा कितीतरी वेगाने वाढत गेली. अलीकडच्या वर्षांत देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागले आहे. साहजिकच परदेशातील बाजारात झालेली उलथापालथ आज ना उद्या येथील स्वयंपाकघरात उतरते. ती किती उतरते आणि किती उतरायला हवी, हे दोन प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच महागाईविषयीची बरीचशी चर्चा नुसत्या तक्रारीपाशी थांबते.

दर ठरविण्याची पद्धत या अर्धशतकात पुष्कळ बदलली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. १६ जून २०१७ पासून ते रोजच्या रोज ठरविण्याची पद्धत देशभर लागू झाली. त्यानंतर पंधरवड्याने पाच जुलै नव्हे, १ जुलै रोजी वस्तू व सेवा कर आला. पेट्रोल व डिझेल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आणि त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क व राज्याचा मूल्यवर्धित कर चालू राहिला. यामुळे ग्राहकाला द्यावा लागणारा दर केवळ तेलाच्या बाजारावर अवलंबून राहत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले; पण त्या मेमध्ये उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला १० रुपये व डिझेलवर १३ रुपये वाढविण्यात आल्याने ती स्वस्ताई पंपापर्यंत आली नाही. उलट नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क घटविले, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही कर कमी केला, आणि तेल महाग असतानाही पंपावरचा दर उतरला.

घरात जळणारे इंधन

कुटुंब स्वतः जे इंधन जाळते, त्याच्या दरवाढीचा हिशेब सरळ असतो. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एखाद्या कामगाराचे गाव वीस किलोमीटरवर आहे, असे धरू. जाऊन येऊन रोजचे चाळीस, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे एक हजार किलोमीटर. लिटरला पन्नास किलोमीटर धावणारी मोटारसायकल असली तर महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागते. मुंबईत मे २०२० मध्ये पेट्रोल लिटरला सुमारे ७६ रुपये होते. २१ मे २०२२ रोजी, शुल्ककपात लागू होण्यापूर्वी, ते १२० रुपये ५१ पैसे झाले. लिटरमागे ४४ रुपये म्हणजे महिन्याला ८८० रुपये. एवढा पगार त्या दोन वर्षांत ज्याचा वाढला नाही, त्याला ही रक्कम दुसऱ्या कोठून तरी काढावी लागली. कामावर जाणे थांबविता येत नाही. त्यामुळे पेट्रोलचा खर्च कमी होत नाही. कमी होते ते दूध, डाळ, बचत गटाचा हप्ता, पुढे ढकललेली दवाखान्याची खेप. घरखर्चाच्या पाहणीत ‘पेट्रोल’ या रकान्याकडे पाहून दरवाढीचा परिणाम कळत नाही तो यामुळेच. तो शेजारच्या रकान्यांत दिसतो.

गॅसच्या बाबतीत हे अधिक स्पष्टपणे जाणवते, कारण तेथे पर्याय हाताशी असतो. तो म्हणजे चूल. घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ६०० रुपयांस मिळत होते. मार्च २०२३ मध्ये मुंबईत त्यासाठी ११०२ रुपये ५० पैसे मोजावे लागले. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस दर २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ झाली. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना मे २०२२ पासून सिलिंडरमागे २०० व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागले. या योजनेतील कुटुंब वर्षाला सरासरी किती सिलिंडर घेते, याचे आकडे बोलके आहेत: २०१९-२० मध्ये सुमारे तीन, २०२४-२५ मध्ये सुमारे साडेचार. वाढ झाली खरी. पण पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर होत असेल, तर सिलिंडर महिना-दीड महिन्यात संपते. म्हणजे उरलेले महिने चूल पेटतच असते. आंघोळीचे पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण चुलीवर. चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, अशी वाटणी घराघरांत आढळते. सरपण पैशाने विकत घ्यावे लागत नाही, म्हणून त्याची किंमत कोठल्याच हिशेबात येत नाही. ते गोळा करण्यात गेलेली दुपार आणि छातीत गेलेला धूर मात्र घरातील बाईच्या वाट्याला येतात.

कांद्याच्या किलोमागे किती?

ज्याच्या घरी ना वाहन ना गॅस, त्याच्यापर्यंत दरवाढ मालवाहतुकीच्या मार्गाने पोहोचते. ‘डिझेल वाढले, म्हणून भाजी वाढली’ हे वाक्य बाजारात इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. तपासणी अवघड नाही. लासलगावचा कांदा वाशीच्या बाजारात जातो. अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. मालमोटार रिकामी परत आली असे मानले, तरी एकूण साडेचारशे. लिटरला चार किलोमीटर धरल्यास सुमारे एकशे साडेबारा लिटर डिझेल लागेल. डिझेल लिटरला १० रुपयांनी वाढले, तर या खेपेचा खर्च ११२५ रुपयांनी वाढेल. मालमोटारीत दहा टन कांदा असल्यास किलोमागे वाढ होते सव्वाअकरा पैसे. शेतातून बाजार समितीपर्यंतची वीस किलोमीटरची पिकअपची खेप किलोमागे तीन पैशांहून कमी भर घालते. वाशीहून तीस किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत एक टन माल नेणारा छोटा टेम्पो आणखी सहा पैसे वाढवतो. सगळे मिळून वीस पैसे. टायर, सुटे भाग व चालकाचा भत्ता यांच्यासाठी हा आकडा दुप्पट केला, तरी चाळीस पैसे.

किरकोळ बाजारात चाळीस पैशांनी कांदा महाग होत नाही. दर वाढतो तो दोन किंवा पाच रुपयांनी. पंचवीस व त्याहून कमी पैशांची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, आणि पन्नास पैशांचे नाणेही हातात दिसत नाही. सुट्या पैशांच्या अभावी दर पूर्णांकात ठरतात आणि पूर्णांक नेहमी वरच्या बाजूचा असतो. याचा अर्थ व्यापाऱ्याने लबाडीच केली असा नव्हे. पावसाने खराब झालेला माल, आवक घटणे, साठवणुकीतील घट यांमुळे कांद्याचा भाव खरोखरीच वाढतो. परंतु ती कारणे एक आणि डिझेल दुसरे. सर्व भाववाढ डिझेलच्या नावावर लिहिली की खरी कारणे झाकली जातात, आणि डिझेल उतरल्यावर भाव का उतरला नाही हे विचारण्याची सोयही राहत नाही.

पाणी, चारा आणि विटा

वरील हिशेबावरून वाहतुकीचा बोजा सर्वत्र क्षुल्लकच असतो असा समज होऊ नये. वस्तू जितकी जड आणि स्वस्त, तितका तिच्या किमतीत भाड्याचा वाटा मोठा. सोन्याच्या दागिन्याच्या किमतीत तो शोधूनही सापडणार नाही. विटा, वाळू, मुरूम यांत तो ठळकपणे दिसतो. म्हणून घरकुल बांधणाऱ्या कुटुंबाला इंधन दरवाढ अधिक बोचते. अनुदानाची रक्कम ठरलेली असते, विटांची खेप मात्र महाग होते.

सर्वांत जड आणि सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पाणी. दहा हजार लिटरचा टँकर येऊन जाऊन चाळीस किलोमीटर फिरला, तर दहा लिटर डिझेल जाळतो. १० रुपयांच्या दरवाढीने खेपेमागे १०० रुपये वाढतात; दोनशे लिटरच्या पिंपामागे दोन रुपये. शासकीय टँकरचा हा भार शासन उचलते. खाजगी टँकर घेणाऱ्या वस्तीला तो स्वतः सोसावा लागतो, आणि विहीर आटत जाऊन पाणी भरण्याचे ठिकाण दूर गेले की अंतरासोबत तो वाढतो. चाऱ्याचेही तसेच आहे. कडबा वजनाला हलका, पण जागा फार व्यापणारा. मालमोटार भरते, वजन मात्र भरत नाही. भाडे पूर्ण द्यावे लागते. मराठवाड्यात किंवा माण-खटावच्या पट्ट्यात दुष्काळाच्या वर्षी जनावरे बाजारात निघतात, त्यामागे चाऱ्याच्या भावाइतकाच चाऱ्याच्या भाड्याचाही हात असतो. ज्या भागात उत्पन्न आधीच बुडालेले असते, तेथेच इंधनाची दरवाढ सर्वांत जड होऊन येते.

उशिरा येणारी वाढ

काही दर इंधनाबरोबर लगेच हलत नाहीत. एस. टी.चे भाडे जून २०१८ मध्ये वाढले होते. त्यानंतर थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये ते १७.१७ टक्क्यांनी वाढविण्यात आले. मधल्या तीन वर्षांतील डिझेलची वाढ महामंडळाने अंगावर घेतली होती आणि त्याच ऑक्टोबरात मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांची वाढ झाली. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागल्याने अनेक कुटुंबांना या वाढीचा भार हलका झाला. आठवडी बाजाराला घरातील पुरुषाऐवजी बाई जाऊ लागली, तर त्यात हिशेबाचे शहाणपणच आहे. युरियाच्या बाबतीत वाढ ग्राहकापर्यंत येतच नाही. तो नैसर्गिक वायूपासून तयार होतो, तरी वायू महागला असतानाही ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच विकली गेली. फरक सरकारी तिजोरीने भरला.

शेतकऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. व्यापारी वाढलेला खर्च पुढे ढकलू शकतो, रिक्षावालाही ढकलतो. शेतमालाचा भाव लिलावात ठरतो. डिझेलचा खर्च त्यात मिळविण्याची मुभा शेतकऱ्याला नसते. दूरच्या बाजारात पाठविलेल्या मालाचे भाडे, हमाली व तोलाई त्याच्या हिशेबपट्टीतूनच वजा होतात. मशागतीचा ट्रॅक्टर तो वाढीव भाड्याने घेतो आणि घरचा किराणा वाढीव दराने आणतो.

गावाची दर-वही

ही सारी माहिती गावपातळीवर नोंदविता येते, आणि माध्यमिक शाळेतील शेकडेवारी व सरासरीच्या पाठासाठी यापेक्षा जिवंत उदाहरण मिळणे कठीण. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराच्या दिवशी, मोजकेच दर टिपावेत: डिझेल, पेट्रोल, सिलिंडर, नांगरटीचे एकरी भाडे, तालुक्यापर्यंत पिकअपच्या खेपेचे आणि वडापचे भाडे, विटांची खेप, कडब्याचा शेकडा, कांदा, बटाटा आणि तूरडाळ. डिझेल ज्या महिन्यात उतरेल, त्या महिन्याची नोंद चुकवू नये. २२ मे २०२२ रोजी मुंबईत डिझेल एका रात्रीत १०४ रुपये ७७ पैशांवरून ९७ रुपये २८ पैशांवर आले. खरिपाच्या मशागतीचे ते दिवस होते. अशी वही ज्या गावात असती, तेथे त्या आठवड्यातील नांगरटीचा दर कळला असता.

नोंदी वर्षभराच्या झाल्या की त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि त्या वेळी ट्रॅक्टर व पिकअपच्या मालकांनाही आवर्जून बोलवावे. नांगरटीला एकरी सहा लिटर डिझेल लागते असे धरल्यास १० रुपयांच्या वाढीने ६० रुपये वाढतात. भाडे २०० रुपयांनी वाढले असेल, तर उरलेल्या १४० रुपयांत बँकेचा हप्ता, चालकाची मजुरी आणि फाळाची झीज किती, हे मालकच सांगू शकेल. त्याने सांगितलेला आकडाही वहीत, त्याच पानावर लिहून घ्यावा.