सारखेपणाचा पुरावा : ‘मानवत मर्डर्स’ आणि शोधकथेचा रचनाबंध

हत्यासत्रावर उभ्या असलेल्या शोधकथेत ‘खुनी कोण’ या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न दडलेला असतो. या साऱ्या हत्या एकाच हाताच्या आहेत, की एकाने घालून दिलेला कित्ता दुसऱ्या हातांनी गिरवला आहे? अॅगाथा ख्रिस्तीच्या ‘द ए. बी. सी. मर्डर्स’ (१९३६) या कादंबरीचा सारा डोलारा याच प्रश्नावर उभा आहे. बेक्सहिलच्या समुद्रकिनाऱ्यावरील तरुणीची हत्या वाचकाला एखाद्या माथेफिरूच्या मालिकेतील दुवा वाटते. प्रत्यक्षात खुन्याचे लक्ष्य चर्स्टनचा एक श्रीमंत गृहस्थ असतो आणि बाकीच्या हत्या केवळ आडोशासाठी केलेल्या असतात. सारखेपणा हे येथे रचलेले सोंग आहे. ते उतरले की कथा संपते.

मराठीत या प्रश्नाला गांभीर्याने भिडणारी कृती समुद्रापासून फार दूर, परभणी जिल्ह्यात घडते. आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) ही आठ भागांची मालिका रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या ‘फुटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’ या आठवणींवर आधारलेली आहे. (वाळू आहे ती या शीर्षकातच.) बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळापहाडांवर पोसलेल्या मराठी वाचकाला शोधापेक्षा साहसाची सवय अधिक. हा नायक मात्र साहसवीर नव्हे, तो सरकारी नोकर आहे. मुंबईतील रामन राघव प्रकरणाचा, म्हणजे एकट्या खुन्याच्या तपासाचा, १९६८ मधील अनुभव त्याच्या गाठीशी आहे.

मानवतला तो अनुभव अपुरा पडतो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात, दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यात, तेथे दहा हत्या झाल्या. मृतांत कोवळ्या मुली आणि स्त्रियाच बहुसंख्य होत्या. गुप्तधन आणि मुंज्याला द्यावयाचा बळी यांचा संबंध तपासात पुढे आला, आणि आरोपी एक नव्हे, अनेक होते. या हत्यांतील सारखेपणा ख्रिस्तीच्या खुन्याप्रमाणे कोणा एका चतुर डोक्यातून निघालेला नाही. गावात आधीच रुजलेल्या समजुतीने तो पुरवला आहे. सोंग उतरवता येते, समजूत उतरवता येत नाही. शोधकथेच्या रूढ साच्याला खरा तडा जातो तो येथे.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. आठवणींतील दृष्टिकोन तपास अधिकाऱ्याचा असतो. तपास पुरा झाला की त्याचे कथन पुरे होते. न्यायालयाचे काम मात्र तेथून सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालात माफीच्या साक्षीदारांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याची काटेकोर चर्चा आहे. सत्र न्यायालयाने दोषी धरलेले काही आरोपी वरच्या न्यायालयात सुटले. शोधकथेला एक निःसंदिग्ध उत्तर हवे असते, कायद्याला संशयाचा फायदा द्यावा लागतो. प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यावरील कालपटात्मक शोधकृतीने यांपैकी कोणाशी इमान राखावे, हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही. सुटलेली माणसेही त्याच समाजात राहिलेली असतात.

म्हणूनच पदव्युत्तर वर्गात ही मालिका एकटी अभ्यासणे पुरेसे नाही. आठवणी, मालिका आणि निकालपत्र या तिन्ही संहिता शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्याने प्रथम एक साधी गोष्ट तपासावी : प्रत्येकीत मृत मुलींना किती जागा मिळाली आहे.