मोबाइलवरील देवघेव : घेणारानें पिन देऊं नये

खानदेशांत आज असा आठवड्याचा बाजार विरळाच, जेथें भाजीच्या पाटीजवळ क्यूआर कोडचें चौकोनी चित्र दिसत नाहीं. साक्रीस जा, अमळनेरास जा, कीं यावलास जा. दहा रुपयांची कोथिंबीर घेणाराहि मोबाइल पुढें करतो. ११ एप्रिल २०१६ रोजीं मुंबईंत यूपीआय या व्यवस्थेचा प्रायोगिक प्रारंभ झाला, आणि थोडक्याच वर्षांत ती आपल्या अंगवळणीं पडली. सोय मोठी आहे. ती सोडून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिचा एक मुख्य नियम पुष्कळांस अद्याप नीट उमगलेला नाहीं, आणि त्या एका अज्ञानावर ठकांचा धंदा चालतो. तोच नियम आज समजून घेऊं.

धुळें जिल्ह्यांतील आमच्या परिचयाच्या एका भगिनीनें आपलें जुनें शिवणयंत्र विकण्यासाठीं त्याचें छायाचित्र मोबाइलवरील जाहिरातींत दिलें. तासाभरांत एका गृहस्थाचा फोन आला. आपण सैन्यांत आहों, यंत्र पत्नीसाठीं हवें आहे, असें तो म्हणाला. किंमत ४,००० रुपये सांगितली. त्यानें एक रुपयाहि कमी करावयास सांगितलें नाहीं. "ताई, मी एक कोड पाठवितों. तो स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यांत जमा होतील." तिनें तसें केलें. ४,००० रुपये आले नाहींत, उलट गेले. "कांहीं चूक झाली, पुन्हां एकदां करा, म्हणजे दोन्ही रकमा एकदम येतील," असें तो म्हणाला, आणि आणखी ४,००० गेले. तो पैसा मुलीच्या वसतिगृहाच्या फीसाठीं जपून ठेवलेला होता.

ती भगिनी भोळी होती, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण आम्हांस तें खरें वाटत नाहीं. पोस्टमन मनीऑर्डर आणी, तेव्हां सही किंवा अंगठा कोणाचा घेई? पैसे घेणाराचा. मजुरीच्या हजेरीपटावर अंगठा कोणाचा? पैसे घेणाराचाच. आजहि बँकमित्राकडून रोख रक्कम घेतांना यंत्रावर बोट ठेवावें लागतें. पैसे हातीं पडावयाचे तर आपली खूण द्यावी लागते, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलों आहों. यूपीआयची रीत नेमकी उलट आहे. येथें पिन ही देणाराची सही आहे. घेणारास पिन द्यावा लागत नाहीं, व कोडहि स्कॅन करावा लागत नाहीं. कारण कोड म्हणजे केवळ पैसे कोठें पाठवावयाचे त्याचा पत्ता होय. ठक आपल्या मूर्खपणावर नव्हे, तर आपल्या जुन्या, प्रामाणिक संवयीवर डाव टाकतो.

या एका नियमापासून पुढील गोष्टी निघतात.

(१) विकणारानें गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील "पैसे गेले" हें चित्र पाहून माल देऊं नये. असें चित्र खोटें बनवितां येतें. आपल्या स्वतःच्या खात्यांत रक्कम जमा झाली कीं नाहीं तें पाहावें. रावेर-यावलकडील केळीच्या बागाइतदारानेंहि, सौदा रोखीचा असल्यास, गाडी हलण्यापूर्वीं एवढें करावें.

(२) दुकानदारानें रोज सकाळीं आपलाच कोड जागेवर आहे ना, हें एकदां तपासावें. त्यावर दुसऱ्याचा कागद चिकटविल्यास दिवसभराची विक्री परक्याच्या खात्यांत जाते.

(३) विकत घेणारानें पिन टाकण्यापूर्वीं पडद्यावर दिसणारें नांव व रक्कम मोठ्यानें वाचावी. न पाहिलेल्या मालाचे पैसे अनोळखी माणसास आगाऊ पाठवूं नयेत.

(४) एका व्यक्तीनें दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठविण्याची सोय ठकांनीं फार वापरली, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद करण्यांत आली. परंतु कोड पाठवून फसविण्याचा मार्ग उघडाच आहे. तो कायद्यानें नव्हे, आपल्या सावधपणानेंच बंद होईल.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या भगिनीनें झालेला प्रकार चार दिवस घरांत कोणास सांगितला नाहीं. नवरा रागावेल, शेजारीपाजारी हंसतील, ही तिला भीति. त्या चार दिवसांत पैसे कोठल्या कोठें गेले. वास्तविक असें घडतांच १९३० या क्रमांकावर फोन करावयाचा असतो. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आंकडी क्रमांक सांगितला म्हणजे खबर संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे काढले गेले नसतील तर ते तेथेंच अडकवितां येतात. आपल्या बँकेसहि त्याच वेळीं कळवावें. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं असें ठरविलें कीं, ग्राहकाच्या हयगयीनें झालेला तोटा बँकेस खबर देईपर्यंत ग्राहकाचा, आणि खबर दिल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे येथें घटकाघटकेला मोल आहे, आणि लाजेनें गमावलेली घटका ठकाच्या पदरांत पडते.

म्हणून घरांतील वडील माणसांस आमची विनंती आहे कीं, आज रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांस एक प्रश्न विचारावा : "पैसे घेतांना पिन लागतो काय?" आजीपासून शाळकरी मुलापर्यंत प्रत्येकानें "नाहीं" असें उत्तर दिल्याशिवाय उठूं नये. आणि त्याच वेळीं हेंहि सांगून ठेवावें कीं, कोणी फसलेंच तर त्यानें प्रथम घरीं सांगावें. त्याला कोणी बोल लावणार नाहीं. ज्या घरांत चूक सांगण्याची भीति नाहीं, त्या घरांतून ठकास फार कांहीं नेतां येत नाहीं.