तेलातले निकेल जाते कुठे?

प्रश्न : वनस्पती तूप बनवताना तेलात निकेल घालतात, हे खरे का? ते तुपात उरते का? प्लॅटिनम का वापरत नाहीत?

उत्तर : घालतात, पण ठेवत नाहीत. निकेलची बारीक पूड तेलात मिसळून साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला हायड्रोजन सोडला, की तो तेलातल्या दुहेरी बंधांना जोडला जातो आणि तेल थिजू लागते. काम संपल्यावर पूड गाळून काढतात. उरलेला अंश सायट्रिक आम्ल आणि विरंजक मातीने निघतो.

फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी निकेलची ही करामत वायुरूप पदार्थांवर दाखवली आणि १९१२चे नोबेल मिळवले. द्रवरूप तेलावर ती चालते, याचे पेटंट मात्र १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात वनस्पतीचे उत्पादन १९३२ला सुरू झाले; ‘डालडा’ आला १९३७ मध्ये.

प्लॅटिनम आणि पॅलेडियम कमी तापमानालाही चालतात, पण किंमत! तांबे स्वस्त, मात्र त्याचा लवलेश राहिला तरी तेल लवकर खवट होते. निकेलचेही नखरे आहेतच : तेलात गंधक असले, की ते निकामी होते.

खरी डोकेदुखी वेगळीच. निकेलच्या पृष्ठभागावर काही रेणू अर्धवट हायड्रोजन घेतात, पुन्हा सोडतात आणि त्या उलाढालीत आरोग्याला अपायकारक असे ट्रान्स रूप धारण करतात. भारतात २०२२पासून खाद्य तेल-तुपांत औद्योगिक ट्रान्स मेदाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे काही उत्पादक तेलातले सगळे दुहेरी बंध हायड्रोजनने भरून, म्हणजे ते जवळपास ट्रान्सविरहित करून, नंतर त्यात पातळ तेल मिसळतात. तिथेही निकेल लागतेच.