एकशे चार वर्षांची विद्यार्थिनी

केरळ राज्यात कोट्टायम नावाचा जिल्हा आहे. तेथे कुट्टियम्मा राहत होत्या. लहानपणी त्या शाळेत गेल्या नाहीत. सोळाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. घरकाम आणि मुलांचे संगोपन यांतच दिवस गेले. पाटी-पेन्सिल हाती आलीच नाही.

२०२० साली कोरोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या. म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडणेही धोक्याचे होते. मग मोठ्यांचे साक्षरता वर्ग कसे भरणार? पण कुट्टियम्मांच्या शेजारी साक्षरतेचे काम करणाऱ्या एक बाई राहत होत्या. त्या घरी येऊन त्यांना शिकवू लागल्या.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कुट्टियम्मा साक्षरता परीक्षेला बसल्या. तेव्हा त्यांचे वय होते १०४ वर्षे! त्यांना कमी ऐकू येई. म्हणून त्यांनी परीक्षकांना मोठ्याने बोलायला सांगितले. त्यांना १०० पैकी ८९ गुण मिळाले! रोजचे वर्तमानपत्र आता त्या स्वतः वाचू लागल्या.

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी अंगठा उठवत असेल, तर रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. त्यांना त्यांचे नाव लिहायला शिकवा.

शब्दार्थ
संगोपन – पालनपोषण
साथ – एकाच वेळी पुष्कळ लोकांना होणारा रोग
अंगठा उठवणे – सहीऐवजी अंगठ्याचा ठसा देणे

स्वाध्याय
१. कुट्टियम्मांना लहानपणी लिहायला-वाचायला का आले नाही?
२. साथीच्या काळात त्या कशा शिकल्या?
३. तुम्ही कोणाला लिहायला शिकवाल? पाच वाक्ये लिहा.