परसांतील बाग व राखून ठेविलेलें बीं

यिर्मया संदेष्ट्यानें बाबेलांतील बंदिवानांस जें पत्र पाठविलें, त्यांत त्यानें त्यांस बागा लावावयास सांगितलें (यिर्म. २९:५). ते परमुलखांत होते. त्यांची स्वतःची जमीन मागें राहिली होती. तर मग ज्यांस शेत नाहीं, पण घरामागें चार हात जागा आहे, त्यांनीं ती ओसाड कां ठेवावी?

यास खर्च थोडा लागतो. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्यापूर्वी जमीन वीतभर खणून तींत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. ताजें शेण घालूं नये. त्यानें हुमणी वाढते. कुंपणालगत दोडका, कारलें व भोपळा यांचीं आळीं करावीं, आणि मध्यें वाफ्यांत भेंडी, मेथी व कोथिंबीर लावावी. भेंडीचें व कारल्याचें बीं रात्रभर भिजवावें. धणे रगडून त्यांचीं दोन दळें करावीं. बीं आपल्या जाडीच्या दोनतीन पटींहून खोल घालूं नये. मेथी महिन्याभरांत व भेंडी सुमारें दीड महिन्यांत हातीं येते.

परंतु पुष्कळ गांवीं आम्हीं असें पाहिलें आहे कीं, बाग एक वर्ष फुलते व दुसऱ्या वर्षीं बुडते. कारण उत्तम फळें खाल्लीं जातात, आणि किडकें, खुरटें तेवढें बियाण्यास राहतें. मग पुन्हा दुकान व उधारी. घरांत भाजी नसतां वेलावरचा उत्तम दोडका न तोडणें किती कठीण आहे, हें आम्ही जाणतों. तरी निरोगी वेलावरील एका दोडक्यास दोरा बांधावा व तो वेलावरच वाळूं द्यावा. त्यांत पुढील वर्षीं अनेक घरांस पुरेल इतकें बीं असतें. तें सावलींत सुकवून, राखेंत मिसळून, कोरड्या मडक्यांत तोंड घट्ट बांधून ठेवावें. पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून पाहाव्या. सातआठ उगवल्या तर बीं चांगलें समजावें. मात्र आरंभीं बीं शेजाऱ्याकडून गांवठीच घ्यावें. संकरित बियाण्याचें पुढचें पीक मूळासारखें येत नाहीं.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या उपासनेस प्रत्येक कुटुंबानें फळाबरोबर मूठभर बींही आणावें, आणि ज्या घरीं तें नाहीं, विशेषेंकरून विधवांच्या घरीं, तें त्याच दिवशीं पोंचवावें. राखून ठेविलेलें फळ आपल्या एकट्यासाठीं नाहीं, हें मंडळीस तेव्हां कळेल.