ध्रुपद धरणारा आणि पद रचणारा : देहू-चाकण परिसरातील तुकारामकालीन गायनपरंपरेच्या संदर्भात

गायकाने आपली गीते स्वतः रचलीच पाहिजेत काय, हा प्रश्न मुख्यतः पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या चर्चेतून आपल्याकडे आला. १९६० नंतर बॉब डिलन यांच्यासारख्या कवि-गायकांची प्रतिष्ठा वाढली आणि दुसऱ्याचे शब्द गाणारा गायक काहीसा उणा मानला जाऊ लागला. मराठी रसिकाची धारणा अशी नाही. ‘गीतरामायणा’चे (१९५५-५६) शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि स्वररचना सुधीर फडके यांची. या विभागणीमुळे फडके यांचे गायन कोणास उसने वाटले नाही. भीमसेन जोशी यांची संतवाणी तर शतकांपूर्वीच्या शब्दांवरच उभी होती. या धारणेचे एक मूळ आज कारखान्यांनी वेढलेल्या देहू-चाकण परिसरात, सतराव्या शतकातील इंद्रायणीकाठच्या कीर्तनात सापडते. मात्र तेथेच या प्रश्नाची एक दुसरी, अधिक अवघड बाजूही दिसते.

तुकारामांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच्या घडणीचा जो क्रम सांगितला आहे, तो येथे महत्त्वाचा ठरतो. दुष्काळ, दिवाळे आणि पत्नीचा मृत्यू यांनंतर त्यांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, एकादशीला कीर्तन आरंभले, संतांची वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची. मराठीतील सर्वश्रेष्ठ कवि-गायक आधी केवळ गायक होता. तोही पुढचा नव्हे, मागचा. या अवस्थेचा उल्लेख तो संकोचाने करीत नाही. नामदेवांनी स्वप्नात येऊन आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पुरी करण्याची आज्ञा केली, असेही तो सांगतो. म्हणजे स्वतःची रचना करतानाही ती दुसऱ्याचे राहिलेले काम म्हणूनच पुढे ठेवली जाते.

वारकरी कीर्तनाला हे शक्य झाले ते नाममुद्रेमुळे. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते. ते गायकाला गावेच लागते आणि गाता गाता रचनेचे ऋण आपोआप फिटते. ‘तुका म्हणे’ हे शब्द उच्चारणारा कीर्तनकार स्वतःला तुकाराम म्हणवीत नाही, आणि श्रोताही तसे समजत नाही. आधुनिक ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गीतकाराचे नाव बारीक अक्षरात छापले जाते. अभंगात ते गाण्याच्या आतच, सर्वांना ऐकू येईल असे असते.

याच कारणाने मुद्रा पुसणे हा मोठा अपराध ठरतो. सालोमालो नावाचा तुकारामांचा एक समकालीन त्यांच्या अभंगांतील मुद्रा काढून आपली घालीत असे, असे परंपरा सांगते. गाथेतील काही अभंगांत त्याचे नाव घेऊन केलेली कठोर टीका आजही वाचावयास मिळते. सालोमालोची हाव उत्तम गाण्याची नव्हती; स्वतःचे गाणारा म्हणून ओळखले जाण्याची होती. स्वरचना हाच गायकाच्या मोठेपणाचा निकष झाला की सालोमालो निपजणारच. तुकारामांचे अभंग त्याने तुकारामांच्याच नावाने गाइले असते, तर त्याला दोष देण्याचे कारण उरले नसते.

याच्या नेमका उलट प्रकारही घडला. वाढत गेलेल्या गाथेत कोणा अनामिकांनी रचलेले, पण ‘तुका म्हणे’ या मुद्रेखाली शिरलेले अभंग आहेत आणि त्यांना अभ्यासक प्रक्षिप्त ठरवितात. पाठचिकित्सेला हे उपद्रवी खरे. पण त्या रचनाकारांना गाणे टिकावे असे वाटत होते. नाव टिकावे असे वाटत नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

गाणारा आणि लिहिणारा यांच्यातील सीमा किती अस्पष्ट होती, हे चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या उदाहरणावरून कळते. व्यवसायाने तेली असलेले संताजी तुकारामांच्या टाळकऱ्यांपैकी एक आणि अभंगांचे लेखकही. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. दुसरे लेखक कडूसचे गंगाराम मवाळ. संताजींच्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी गाथेची स्वतंत्र आवृत्ती सिद्ध केली. त्यापूर्वी इंदुप्रकाश छापखान्याच्या आवृत्तीसाठी (१८६९-७३) देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहिली गेली होती. संहिता राखली ती अशा, मागे उभे राहून गाणाऱ्यांनी. वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही श्रद्धेची कथा. अभंग लोकांच्या कंठात होते, म्हणून बुडाले नाहीत, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला आहे.

मात्र वह्या बुडविण्याचा प्रसंग आला कशामुळे? वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप, परंपरेनुसार, शूद्राने प्राकृतातून वेदार्थ सांगण्यावर होता. तुकाराम दुसऱ्याचे ध्रुपद धरीत होते तोवर असा आक्षेप निघाल्याचे कोणी सांगत नाही. तो निघाला स्वतःचे पद रचल्यावर. गायकाने स्वतः रचले पाहिजे काय, या प्रश्नाचे कलादृष्ट्या उत्तर ‘नाही’ असेच येते. पण ज्याला रचण्याचा अधिकारच नाकारला गेला आहे, त्याच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूप बदलते. विसाव्या शतकात वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आपलीच गीते गावोगाव गाइली, त्यामागेही असाच अधिकार मिळविण्याची जाणीव आहे. त्याच चळवळीत इतरांची गीते गाणारे समर्थ गायक होऊन गेले. त्यांच्यावाचून ती गीते वस्त्यावस्त्यांत पोहोचती ना.

संत बहिणाबाईंची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तुकारामांची पदे त्यांनी प्रथम ऐकली ती देहूस नव्हे, तर कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात, म्हणजे दुसऱ्याच्या मुखातून. जयरामस्वामी स्वतः कवी होते. तरी त्या वेळी ते तुकारामांची पदे गात होते, म्हणूनच ती एका श्रोत्या स्त्रीपर्यंत पोहोचली. ती पदे घोकत बहिणाबाई देहूपर्यंत आल्या. पुढे त्यांनी आपल्या मुद्रेने अभंग रचले. पतीचा मार, स्त्रीदेहामुळे वेदांपासून तुटलेपण, वासराविषयीची माया हे सारे त्यांना सांगावयाचे होते, आणि गुरूच्या चार-साडेचार हजार अभंगांत ते कोठेही नव्हते.