नावडतं पात्र आणि प्रेक्षकांची दाद

नाटकाच्या अभ्यासात ‘पात्रनिवड’ म्हटलं की कोणत्या भूमिकेला कोणता नट, असा प्रश्न असतो. ई-स्पोर्ट्समध्ये हे उलटं चालतं. खेळाडू ठरलेला असतो आणि तो कोणतं पात्र घेऊन उतरणार याची उत्सुकता असते. या निवडीला खेळणारी मंडळी ‘पिक’ म्हणतात. पिक पडद्यावर दिसला की खेळ सुरू व्हायच्या आतच सभागृहातून टाळ्या, हशा किंवा हुर्यो ऐकू येते. पडदा वर जाण्याआधीच नाटकाला दाद द्यावी, तसा हा प्रकार.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात अभ्यासण्यासारखं बरंच आहे. प्रेक्षक दाद देतो ती नेमकी कशाला? आणि चिडतो तेव्हा त्याची चीड योग्य माणसावर निघते का?

आधी एक संज्ञा समजून घेऊ. एखाद्या काळात कोणती पात्रं प्रभावी आहेत आणि ती कशी वापरायची, याबद्दल खेळाडूंमध्ये एक सर्वमान्य समज तयार होते. तिला ‘मेटा’ म्हणतात. आपल्या भाषेत हा एक संकेत. संगीत नाटकात पात्र मध्येच गायला लागलं तर कुणी दचकत नाही, कारण तो संकेत मान्य असतो. संकेत मोडला की मात्र प्रेक्षक सावरून बसतो. आता तीन उदाहरणं पाहू.

पहिलं उदाहरण: अनपेक्षित निवड

२१ ऑक्टोबर २०१६. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ‘लीग ऑफ लेजेंड्स’च्या जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी. रॉक्स टायगर्स आणि एसके टेलिकॉम टी१ हे दोन्ही संघ दक्षिण कोरियाचे. पहिला डाव हरल्यावर रॉक्सने ‘मिस फॉर्च्यून’ हे पात्र घेतलं. ही बंदूकधारी बाई एरवी संघाची मुख्य मारेकरी असते. रॉक्सने तिला ‘सपोर्ट’च्या, म्हणजे जोडीदाराला सांभाळणाऱ्याच्या जागी उभं केलं. सलामीच्या फलंदाजाला यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज द्यावेत, तसं ते वाटलं. बघणारे चक्रावले.

पण त्यामागे हिशेब होता. समोरच्या ‘झायरा’ची ताकद तिने लावलेल्या रोपट्यांत होती आणि मिस फॉर्च्यून ती रोपटी झटपट साफ करू शकत होती. शिवाय साथीला ‘अ‍ॅश’ होती. तिचा बाण लांबून शत्रूला जागीच खिळवतो. खिळलेल्या शत्रूवर मिस फॉर्च्यूनच्या गोळ्यांचा पाऊस पडला की सुटका कठीण. रॉक्सने सलग दोन डाव जिंकले आणि अविश्वासाची जागा जल्लोषाने घेतली. चौथ्या डावात एसकेटीने अनुभवी बेंगीला उतरवलं. त्यानेही ‘निडाली’ हे पात्र घेऊन सगळ्यांना चकित केलं, कारण त्या पात्राशी त्याचं नाव कधी जोडलं गेलं नव्हतं. तो डाव एसकेटीने जिंकला, पाठोपाठ सामनाही ३-२ असा जिंकला आणि पुढे जगज्जेतेपदही मिळवलं.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. रॉक्स हरले, तरी त्यांची ती निवड आजही आठवणीने सांगितली जाते. म्हणजे प्रेक्षकांची दाद केवळ निकालावर ठरत नाही.

दुसरं उदाहरण: नकोशी निवड

ऑगस्ट २०१८, लास वेगास. ‘इव्हो’ स्पर्धेत ‘सुपर स्मॅश ब्रदर्स फॉर वी यू’चा अंतिम सामना होता. लिमा आणि कॅप्टनझॅक, दोघांनीही ‘बायोनेटा’ हेच पात्र घेतलं. ही चेटकीण एकदा प्रतिस्पर्ध्याला हवेत उचलते, मग त्याला खाली येऊ न देता मारतच राहते. शिवाय वार चुकवताना ती समोरच्याचा वेग मंद करू शकते. आदल्या वर्षीचं विजेतेपदही याच पात्राच्या जोरावर गेलं होतं. प्रेक्षक आधीच कंटाळले होते. त्यात हे दोघे काही काळ एकमेकांच्या जवळच जाईनात. मग काय, सभागृहात हुर्यो सुरू झाली. लिमा जिंकला, पण विजेत्याच्या वाट्याला येणारा आनंद काही त्याला मिळाला नाही.

यातली गंमत बघा. बायोनेटाला या खेळात आणण्याआधी निर्मात्यांनी चाहत्यांकडून मतं मागवली होती आणि त्यात ती आघाडीवर होती. म्हणजे चाहत्यांनी जिला मत दिलं, तिलाच पुढे हुर्यो मिळाली. तिची ताकद त्या दोन तरुणांनी ठरवलेली नव्हती; ती निर्मात्यांनी ठरवली होती. पात्र नियमात बसत होतं, बक्षीस जिंकणाऱ्याला होतं. निर्माता समोर नव्हता, खेळाडू होते, म्हणून राग त्यांच्यावर निघाला. पुढच्या खेळात निर्मात्यांनी बायोनेटाची ताकद बरीच कमी केली. मूळ दुरुस्ती कुठे व्हायला हवी होती, हे त्यावरून कळतं.

हा भेद महत्त्वाचा आहे. दोघे लांब उभे राहिले, ती त्यांची वागणूक. तिच्यावर टीका करता येईल. पण पात्र घेतलं म्हणून माणसालाच लबाड ठरवणं हा अन्याय आहे.

तिसरं उदाहरण: दुबळी समजलेली निवड

जपानचा ‘अम्सा’ हा खेळाडू २००१ साली आलेल्या ‘स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये ‘योशी’ हा छोटा डायनासोर घेऊन खेळतो. योशीने मोठी स्पर्धा जिंकता येत नाही, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. इतर पात्रांना ढालीतून थेट उडी मारता येते, योशीला येत नाही. अम्साने मात्र त्याच पात्राचे बारकावे घोटले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेत ‘द बिग हाउस १०’ ही स्पर्धा जिंकली. योशी घेऊन एवढी मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिलाच. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण त्या एका निवडीमागची अनेक वर्षांची मेहनत त्यांना दिसत होती.

तिन्ही उदाहरणांतून काय दिसतं?

प्रेक्षकाला खेळाडूने पत्करलेली जोखीम आवडते. रॉक्सने आणि अम्साने ती उघडपणे पत्करली. बायोनेटा घेणाऱ्यांनी सुरक्षित वाट धरली, असं प्रेक्षकांना वाटलं. रसिक म्हणून ही अपेक्षा चूक नाही. चाकोरीतली कविता वाचून आपणही कंटाळतोच की! पण प्रेक्षक नुकसानीत वाटेकरी नसतो. पिक फसला तर प्रेक्षक घरी जाऊन जेवतो. खेळाडूचं मात्र वर्षभराचं काम वाया जातं. दुसऱ्याच्या जिवावर धाडस मागताना एवढं भान हवं.

म्हणून प्रतिक्रिया देण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मला राग निवडीचा आलाय, नियमाचा की माणसाचा? निवडीमागचा हिशेब मला कळलाय का? आणि निकाल उलटा लागला असता तर मी हेच बोललो असतो का? हीच कसोटी पुस्तकाच्या परीक्षणालाही लागू पडते. पुस्तक आवडलं नाही, असं जरूर लिहावं. लेखकाच्या हेतूवर घसरण्याआधी थांबावं.

चर्चेसाठी

१. एखाद्या लेखकाने आपला नेहमीचा लेखनप्रकार सोडल्यावर वाचक नाराज झाले, असं उदाहरण शोधा. नाराजी कशावर होती?

२. ‘नियमात बसतं’ आणि ‘शोभतं’ यांत फरक आहे का? खेळातलं एक आणि साहित्यातलं एक उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.

३. हरलेली पण लक्षात राहिलेली एखादी निवड आठवा. ती का लक्षात राहिली?